मामूंची ढोलकी आणि सोळा बटणं

(आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कवीला वाद्यांवर बोलायला बोलावलं तर तो बासरीवर बोलेल, फार तर सारंगीवर, अशी तुमची समजूत असणार. मी आज बोलणार आहे सिंथेसायझर आणि ड्रम मशीन या विजेवर चालणाऱ्या वाद्यांवर. मी वादक नाही. बी.ए.ला मराठी घेतलं, पुढे कविता लिहीत राहिलो, एवढीच माझी पुंजी. पण या यंत्रांशी माझा एक जुना हिशेब आहे. तो इतकी वर्षं मनात ठेवला, आज आपल्यासमोर मांडतो.

गोष्ट १९८८ सालची. माझा चुलतभाऊ कुवेतहून सुट्टीवर आला. त्या काळी आखातातून कुणी आलं की मोहल्ल्यातली निम्मी माणसं बॅगा उघडताना हजर असायची. टेपरेकॉर्डर, अत्तराच्या बाटल्या, जाडजूड ब्लँकेटं निघाली आणि सगळ्यांत खालून निघाला एक कॅसिओ. आमच्या भागात पट्ट्या असलेल्या विजेच्या कुठल्याही वाद्याला कॅसिओच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. हा मात्र खराच कॅसिओ होता. त्याच्या डाव्या अंगाला बटणं होती. एक बटण दाबलं की आतून ढोल-झांजा सुरू व्हायच्या आणि दुसरं दाबेपर्यंत चालूच राहायच्या. रॉक, वॉल्ट्झ, बोसानोव्हा अशी नावं त्यावर लिहिलेली. बोसानोव्हा म्हणजे काय हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण लहान पोरं त्यावर नाचू लागली.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि गावातल्या एका ऑर्केस्ट्रात निवेदन करायचो. दोन गाण्यांच्या मध्ये चार शेर म्हणायचे, टाळ्या घ्यायच्या. त्याच ऑर्केस्ट्रात माझे सख्खे मामू ढोलकी वाजवायचे. दिवसा मिरकरवाड्याच्या बंदरावर जाळी विणायची, फाटलेली सांधायची, रात्री ढोलकी. गणपतीच्या दिवसांत जाखडीच्या मंडळांकडून त्यांना बोलावणं यायचं, उरुसात कव्वालीला साथ असायची. जाळं आणि ढोलकी, दोन्हीत दोरी ताणावी लागते आणि दोन्हीत किती ताणायची ते बोटांनाच कळतं, असं ते म्हणायचे. भाद्रपदातल्या पावसात पुडी सर्द होऊन उतरली की शेगडीवर धरून ती शेकायची, कड्या सरकवायच्या, कान लावून ऐकायचं. कार्यक्रमाआधीचा अर्धा तास त्यातच जायचा.

चुलतभाऊ सुट्टी संपवून परत गेला आणि कॅसिओ घरी राहिला. तो मी कौतुकाने ऑर्केस्ट्रात नेला. पेटी वाजवणारा मुलगा आठवड्यात त्यावर तयार झाला. आमच्या मालकांनी दोन तालमी ऐकल्या आणि मला बाजूला घेतलं. याची पुडी पावसाने उतरत नाही, याला चहा लागत नाही आणि नाईटही द्यावी लागत नाही, असं ते म्हणाले. वर म्हणाले, "तुझेच मामू आहेत, तूच सांग त्यांना."

मी गेलो. मामू जाळ्यात बसले होते. शनिवारी यायचं नाही, एवढं कसंबसं सांगितलं.

"मग तालाला कोण बसणार?"

"कुणी नाही, मामू. मशीन आहे."

त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "गाणारा थांबला तर ते थांबतं काय?"

मला हसू आलं. मी म्हटलं, "त्याला थांबायची गरजच काय? ते चुकतच नाही."

हे वाक्य माझं आहे, श्रोतेहो. एकोणीस वर्षांच्या कवीचं. त्यानंतर लिहिलेल्या कविता मला आठवतीलच असं नाही, हे वाक्य मात्र विसरता आलेलं नाही.

शनिवारी कार्यक्रम झाला. आमचे थोरले गायक साठीच्या पुढचे. एका गाण्यात अंतरा संपवून ते ध्रुवपदावर यायचे, तर त्यांना ठसका लागला. एरवी अशा वेळी मामू एक तुकडा टाकायचे, गायकाकडे बघत तो लांबवायचे आणि त्यांचा श्वास परत आला की समेवर आणून सोडायचे. लोकांना वाटायचं, गाणं असंच बसवलेलं आहे. त्या रात्री मशीन आपलं चालत राहिलं. गायक एका ठिकाणी, ताल भलतीकडे. पेटीवाला मुलगा घाबरून बटण शोधू लागला. लोक हसले. माझी नजर समोर गेली. चौथ्या-पाचव्या रांगेत मामू बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवरून वर उचललेला होता, थाप द्यायला उचलावा तसा. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

मालकांनी मामूंना परत बोलावलं नाही. लोक दुसऱ्या दिवशी हसणं विसरले, आणि वाचलेले पैसे मात्र दर कार्यक्रमाला वाचत राहिले.

पुढे कितीतरी वर्षं मी या यंत्रांचा राग करत होतो. राग करणं सोयीचं होतं, कारण त्यामुळे आपल्याकडे बोट येत नाही. मग हळूहळू मी त्यांच्याबद्दल वाचू लागलो, ऐकू लागलो, आणि माझा राग टिकेना.

मुळात सिंथेसायझर म्हणजे काय? पेटीत धातूची पट्टी कंप पावते, सतारीत तार, ढोलकीत कातडं. सिंथेसायझरमध्ये वीज कंप पावते. तो पहिला आवाज अगदी कच्चा, मधमाश्यांच्या गुणगुणण्यासारखा असतो. मग तो एका चाळणीतून जातो. चाळणी मोठी केली की आवाज उघडा, धारदार होतो. बारीक केली की मऊ, दबका. तिसरा भाग ठरवतो आवाज कसा उगवेल, किती वेळ राहील आणि कसा मावळेल. या तीन गोष्टी हातातल्या मुठींनी फिरवायच्या. म्हणजे दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करणं एवढंच त्याचं काम नव्हे. त्याचा स्वतःचा आवाज आहे, आणि तो बसणाऱ्याला घडवावा लागतो.

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली असं वाद्य उभं केलं. कपाटाएवढं, वायरींच्या जंजाळाचं. ते आपल्या देशात किती लवकर आलं हे ऐकून मी चाट पडलो. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा सिंथेसायझर बसवला गेला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर त्यासाठी आले होते, आणि गीता साराभाई यांच्यासारख्या अभिजात संगीत शिकलेल्या बाईंनी त्यावर प्रयोग केले. त्या ध्वनिफिती नंतर दशकानुदशकं संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. २०१७ साली त्या पुन्हा हाती लागल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक ध्वनिमुद्रणांचा संच निघाला.

१९७० साली मूगचाच लहान, उचलून नेता येईल असा मिनीमूग आला आणि त्या दशकात तो मुंबईच्या चित्रपटसंगीतात पोचला. तो आणणारे केर्सी लॉर्ड हे पारशी गृहस्थ. वडील कावस लॉर्ड तालवादक, भाऊ बर्जोर ड्रमवादक. 'आराधना'तल्या पावसाळी रात्रीच्या त्या गाण्यातलं अॅकॉर्डियन केर्सींचं. म्हणजे हातातली कला संपली म्हणून यंत्राकडे वळलेला हा माणूस नव्हता. ज्याच्या घरात पिढीजात ताल होता, तोच मिनीमूग घेऊन स्टुडिओत शिरला.

पण त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत काय झालं तेही सांगायला हवं. त्या स्टुडिओंतून एका गाण्याला पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वादक बसायचे. व्हायोलिनांच्या रांगाच्या रांगा. त्यांत आपल्या शेजारच्या गोव्याचे कितीतरी. चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेली ही माणसं मुंबईत आली आणि हिंदी गाण्याला त्यांनी भरजरी अंगरखा चढवला. नव्वदच्या दशकात एक कीबोर्ड, एक ड्रम मशीन आणि एक कॉम्प्युटर यांच्यावर गाणी तयार होऊ लागली आणि त्या रांगा उठल्या. आमच्या ऑर्केस्ट्रात एक ढोलकीवाला उठला, तिथे पिढीच्या पिढी उठली. मोजमाप वेगळं, हिशेब तोच.

आता ड्रम मशीनकडे वळतो. जपानच्या ओसाका शहरात इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली रोलँड कंपनी काढली. १९८० साली त्यांनी टीआर-८०८ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या खालच्या कडेला एका रांगेत सोळा रंगीत बटणं असतात. कुठल्या घरात ठोका पाहिजे तेवढी बटणं दाबायची. दिवा पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत पळतो आणि पुन्हा पहिल्यावर येतो. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, अरे, हा तर तीनताल! सोळा मात्रा, आवर्तन आणि सम. कवी म्हणून मला ते यंत्र एकदम ओळखीचं वाटलं. आम्हीही घरंच भरतो. गझलेच्या ओळीत लघु-गुरूची घरं ठरलेली असतात. पण सगळी घरं बिनचूक भरली म्हणून शेर होत नाही, हे मला माझ्याच पहिल्या दोनशे गझलांनी शिकवलं होतं.

या ८०८ मधला आवाज खऱ्या ढोलाचा नाही. तो विजेपासूनच बनवलेला, म्हणून लोकांनी त्याला खेळणं म्हणून हिणवलं. त्यातली सळसळ यावी म्हणून कंपनीने सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले होते. पुढे तसे सदोष भाग मिळेनासे झाले आणि १९८३ साली यंत्राचं उत्पादन थांबलं. सगळी मिळून बारा हजारांच्या आसपास यंत्रं निघाली. खोडी असलेला भाग मिळत नाही म्हणून बंद पडलेलं हे यंत्र, पण अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ते स्वस्तात जुन्या बाजारातून उचललं आणि त्याच आवाजावर एक नवं संगीत उभं राहिलं.

त्याच ८०८ वर आपल्या मुंबईत एक गोष्ट घडली. चरणजित सिंग हे चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार वाजवायचे, स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, लग्नसमारंभात कार्यक्रम करायचे. म्हणजे आमच्याच बिरादरीतले म्हणा ना! त्यांनी तीन रोलँड यंत्रं एकत्र केली. तालाला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३ नावाची छोटी डबी आणि सुरावटीला ज्युपिटर-८. त्यातली ३०३ ही एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली, आणि बाजारात सपशेल पडलेली. पण तिच्यात एक सोय होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता यायचं. आपल्या कानाला ती सरळ मींड वाटते. चरणजित सिंगांनी या तिन्हींवर भैरव, ललित, भूपाली, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. १९८२ साली एच.एम.व्ही.ने त्याची तबकडी काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

ती कुणी फारशी घेतली नाही. डिस्कोवाल्यांना त्यात राग फार झाला आणि रागवाल्यांना डिस्को. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो शहरात काही तरुणांनी तीच ३०३ डबी वापरून एक तबकडी काढली आणि त्या आवाजाने युरोपातली नाचघरं भरून गेली. त्याला 'अॅसिड हाउस' म्हणू लागले. मुंबईतल्या दहा रागांची त्यांना गंधवार्ता नव्हती. पुढे एका डच संग्राहकाला ती जुनी तबकडी भारतात सापडली, २०१० साली ती पुन्हा निघाली आणि जगाने कान टवकारले. सत्तरीतल्या चरणजित सिंगांना युरोपात कार्यक्रमांची आमंत्रणं आली. अठ्ठावीस वर्षं तो माणूस आपला शांतपणे लग्नाकार्यात वाजवत राहिला होता.

आता मामूंच्या प्रश्नाकडे येतो. गाणारा थांबला तर ते थांबतं काय? हा प्रश्न फक्त मिरकरवाड्यातल्या ढोलकीवाल्याला पडला नव्हता. १९८० सालीच अमेरिकेत रॉजर लिन यांनी खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं पहिलं ड्रम मशीन काढलं, एलएम-१. त्यात त्यांनी एक सोय ठेवली होती. दोन ठोक्यांमधला दुसरा ठोका किंचित उशिरा यावा. सगळे ठोके सारख्या अंतरावर पडले की कान कंटाळतो, हे त्यांना कळलं होतं. पुढे त्यांनीच घडवलेल्या एमपीसी यंत्रावर डेट्रॉइटच्या जे डिला नावाच्या तरुणाने यंत्राची आपोआप ठोके सरळ करण्याची सोय बाजूला ठेवली आणि बोटांनी ठोके वाजवले, जरा मागे, जरा पुढे, पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखे. २००६ साली तो ऐन बत्तिशीत वारला. त्याचं यंत्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

आपल्या आकाशवाणीचंच बघा. १९४० साली पेटीला इथे बंदी झाली. तिच्यात मींड निघत नाही, ती परकी, तिचे सूर ठोकळेबाज, असा आरोप होता. ती बंदी १९७१ पर्यंत होती. आज त्याच पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तेव्हाही नाकं मुरडली गेली. आज लहान गावातल्या, साथीदार न परवडणाऱ्या मुलीचा रियाज त्याच्यावरच होतो. तेव्हा यंत्र आलं की संगीत बुडालं, असं मी म्हणणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की यंत्राने कुणाला काढलं नाही. काढलं ते माणसांनी, आणि निरोप मी पोचवला.

जुलै २०१५ मध्ये चरणजित सिंग गेल्याची बातमी वाचली. त्या आठवड्यात मी मिरकरवाड्याला गेलो. मामू पंचाहत्तरीला टेकले होते, हात थरथरायचे, पण जाळं हातातून सुटलं नव्हतं. मोबाइलवर तो यमन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पहिली दोन मिनिटं ते नुसतेच ऐकत होते. मग बोट गुडघ्यावर पडू लागलं.

"मशीन हाय ना ही?"

"हो."

"मशीन नाय थांबत. पण वर वाजवणारा थांबतोय बघ. सूर टाकून वाट बघतोय."

खरंच होतं ते. खाली सोळा घरांचा दिवा पळत होता आणि वर तो माणूस जागा सोडत होता, निषाद लांबवत होता, उशिराने षड्जावर येत होता. मी तो यमन वीसेक वेळा ऐकला होता, मला ते ऐकू आलं नव्हतं.

मग मी बोललो. म्हटलं, "मामू, तो कॅसिओ मीच नेला होता. आणि तुम्हाला यायचं नाही म्हणून सांगायलाही मीच आलो. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला थांबता येत नव्हतं, पोरा. ते मशीन. तुला येत होतं." आणि जाळ्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं, "हे धर जरा घट्ट." मी तासभर ते धरून बसलो.

मामूंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा नातू जाखडीच्या एका मंडळात ऑक्टोपॅड वाजवतो. आठ चौकोनांचं ते वाद्य काठ्यांनी वाजवायचं. ढोल, ताशा, झांज, पाहिजे तो आवाज त्यातून निघतो. ८०८ आणि ३०३ ही यंत्रंही आता पुन्हा नव्या, लहान रूपात निघाली आहेत, आणि जुन्यांना मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आहे. नातू मोबाइलवर त्यांची चित्रं दाखवून मला भंडावून सोडतो. गेल्या गणपतीत मी त्याचं वाजवणं ऐकायला गेलो. मंडळाने ढोलकीवाल्याला उठवलेलं नव्हतं. तो शेजारीच बसला होता, वयाने मोठा, आणि नातवाची नजर सारखी त्याच्या हातावर. शाहीर मध्येच सवाल विसरले. ढोलकी लांबली. पोराने दोन्ही काठ्या वर धरल्या आणि वाट पाहिली.

श्रोतेहो, आपल्या गावात, आपल्या मंडळात, आपल्या कार्यालयातही असं एखादं नवं यंत्र येईल, आलंही असेल. त्याचं स्वागत जरूर करा. फक्त त्या जागी जो माणूस बसत होता, त्याला आधी विचारा, की बाबा रे, हे कसं वाजवायचं ते तूच सांग. आणि निरोप घेऊन तुमच्यापैकी कुणाला पाठवलं, तर निघण्यापूर्वी क्षणभर थांबा.